शिडावरचं उलट्या टाक्यांचं ठिगळ

धक्क्यामागच्या गल्लीत शिडं शिवणाऱ्या मुलीला सगळे 'दाभण' म्हणत. अंगाने बारीक, जिभेने तिखट, वय एकोणीस. काम तिला मामाने शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी तो मालाच्या गलबतावर गेला आणि गलबतासकट नाहीसा झाला. चाच्यांनी बुडवलं असणार, असं लोक म्हणाले. आई रडून रडून थकली. दाभणने दुकान सांभाळलं.

एका सकाळी एक कप्तान फाटकं शीड घेऊन आला. गोडबोल्या, पायात कोरे बूट.

"परवापर्यंत देशील ना, पोरी? वादळात फाटलं. आमच्या शिवणाऱ्याचा हात मोडलाय."

वादळात फाटलेलं कापड दोरे सोडतं. या शिडाला भोकं होती, आणि त्यांच्या कडा तोफेच्या आगीने जळून काळ्या पडल्या होत्या. कोपऱ्यात जिथे गलबताची खूण असते, तिथली शिवण कुणीतरी उसवली होती. शेजारी एक ताजं ठिगळ, आणि त्यात दर चौथा टाका उलटा. असा टाका फक्त मामा घालायचा.

"ठिगळ झकास आहे. कुणाचा हात?" तिने सहज विचारलं.

"असेल कुणाचा तरी." कप्तानाने नजर चुकवली.

बंदराच्या साहेबाला सांगावं, तर काल तोच या कप्तानाच्या खांद्यावर हात टाकून हसत होता. शेवटी तिने आत्याला गाठलं. आत्या गस्तीच्या नौकेवर स्वयंपाक करायची.

"नुसत्या संशयावर आमची नौका हलायची नाही," आत्या म्हणाली. "पण गलबत खाडीच्या तोंडाशी अडकलं, तर मदतीला जावंच लागतं. गेलो की तळघरही बघतो."

दाभणने शिडाची मधली शिवण कुजक्या दोऱ्याने घातली.

शीड न्यायला आलेल्या कप्तानाने दोन्ही हातांनी शिवण ताणून पाहिली.  पण त्याने कडेची ताणली होती.

"पक्की आहे," तो म्हणाला.

दुपारी खाडीच्या तोंडाशी वारा भरला आणि शीड उभं फाटलं. गस्तीवाल्यांना तळघरात लुटीचा माल सापडला, आणि मोडका हात गळ्यात बांधलेला मामाही.

मामालाही चाच्यांचा साथीदार म्हणून धरलं, पण लुटलेल्या गलबतावरच्या दोघांनी साक्ष दिली, की याने कुणाला बोट लावलं नाही. मामा सुटला. आईला काय करू नि काय नको झालं. दाभण मात्र त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. मग एकदा दुकानात दोघंच असताना तिने विचारलं, "दोन वर्षं बंदराबंदरांत उतरलास. एकदाही पळावंसं वाटलं नाही?"

मामाने हातातली सुई कापडात खोचली.

"पहिलं वर्ष भीतीने राहिलो," तो म्हणाला. "दुसऱ्या वर्षी... रमलो गं."

तिने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"हे आईला सांगू नकोस," ती म्हणाली.