रोबोटच्या ड्रायव्हरचं जेवण

आता माझी हुशारी माझ्याच तोंडून ऐका, नाहीतर विंझरच्या टपरीवर ती तिखटमीठ लावून ऐकायला मिळेलच.

झालं असं, माझ्या प्रोस्टेटमध्ये गाठ निघाली. पसरायच्या आत काढायला हवी, रोबोटनं काढू, असं पुण्याचे डॉक्टर म्हणाले. पोटाला बारीक भोकं पाडायची, त्यातून मशीनचे हात आत जाणार आणि डॉक्टर बाजूला बसून ते हलवणार. रोबोट आपल्या मनानं काहीच करत नाही, मीच चालवतो, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा समजावलं.

मला समजावतात! जन्मभर जेसीबी भाड्यानं आणलेत मी. मशीनचा मालक नेहमी 'मीच करून देतो' म्हणतो आणि बांधावर बसतो. काम करतो ड्रायव्हर. म्हणून आमच्याकडे मशीन शेतात उतरायच्या आधी ड्रायव्हरला पोटभर जेवू घालतात. तो खूश, तर बांध शाबूत. इथं तर शेत म्हणजे माझं पोट! वरून ऐट होती, पण आतून मी पार टरकलो होतो.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटेच बायकोला कोंबडी शिजवायला लावली. डबा हातात देताना तिनं बजावलं, "तुमाला उपाशी ऱ्हायला सांगितलंय. तुमी ह्याला तोंड लावायचं न्हाई."

मी काय कुकुलं बाळ आहे?

हॉस्पिटलात ती खिडकीपाशी नाव नोंदवायला गेली आणि मी ड्रायव्हर शोधायला. विचारत विचारत कँटीनमध्ये पोचलो, तर रोबोटची जोडणी करणारे गृहस्थ तिथं चहा घेत बसलेले. निघाले आपल्या कामथडीचे! म्हणाले, मी फक्त मशीन लावून देतो, चालवतात डॉक्टरच. काय हा विनय! पेशंट घरातलाच आहे, जरा सांभाळून घ्या, एवढं सांगून मी डबा उघडला.

वास दरवळला तसे ते म्हणाले, "म्या एकटा न्हाई जेवत. तुमीबी बसा."

आता तुम्हीच सांगा, जेवणाऱ्याला एकटं बसवायची आपल्यात रीत आहे का? आणि ड्रायव्हर नाराज झाला तर बांध कुणाचा फुटणार? सोबतीला म्हणून दोन घास घेतले. मग थोडा रस्सा. मग त्यांनी आग्रहानं तंगडी वाढली. माझ्याच डब्यातली.

वर गेलो तर भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, काही खाल्लंय का? मी अगदी साळसूदपणे नाही म्हणालो. बायकोनं माझा हात उचलून हुंगला आणि त्यांच्यापुढे धरला.

झालं, एकच धावपळ. भुलीत पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं तर जीवच जायचा, असं बाईंनी सुनावलं.

डॉक्टर आले. टोपी, गाऊन, सगळं चढवून सज्ज होते बिचारे. मी जेसीबीपासून तंगडीपर्यंत सगळं कबूल केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. गडी मूळचा उत्रोलीचा, भातशेतीत वाढलेला, हे मला तोवर कुठं माहीत होतं?

"काका," ते म्हणाले, "मशीन तयार हाय. ड्रायव्हर म्हंजे म्या, तोबी तयार हाय. पर शेतातच रस्सा साचलाय, वापसा न्हाई. ते सुकलं की या."