मोटार चालू असताना मोजलेल्या विहिरी

माझी विद्यार्थिनी प्राजक्ता हिच्या आईंचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. "मॅडम, तुमच्या नादानं ती तिकडं खर्ड्याकडं जाऊन बसलीय. सोमवारी तिचा इंटरव्ह्यू आहे. तुम्हीच तिला घेऊन या." माझी झोपच उडाली. वर्गात पाण्यावर तावातावानं बोलायचं आणि मुलं पदवी घेऊन खरंच खेड्यात राहायला गेली की घाबरायचं, असली मी प्राध्यापक!

शनिवारी पहाटे पुण्याहून नगरची एसटी धरली. (बायकांना अर्धं तिकीट; सुट्टे जवळ ठेवा.) नगरला गाडी बदलून जामखेड, तिथून वडापच्या जीपनं खर्डा. किल्ला बघायला उतरले खरी, पण तटावरून काय दिसलं ते धड आठवत नाही. तिला परत चल कसं म्हणायचं, एवढंच डोक्यात.

खर्ड्याजवळच्या त्या गावात प्राजक्ता आणि तिचा वर्गमित्र समीर यांनी चाळीस विहिरींची पाणीपातळी मोजली होती. यंदा कांदा लावायचा की ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचं, हे त्यावरून संध्याकाळच्या ग्रामसभेत ठरणार होतं. प्राजक्ता राहते त्या घरच्या कौसाबाईंनी दुपारी गरमागरम शेंगोळे वाढले. वाढता वाढता म्हणाल्या, "पोरी, आमच्या हिरीत पानी इतकं कमी कसं लिवलं? लाईट आल्यावर मोजलं व्हय?"

प्राजक्ताचा घास हातातच राहिला. लाईट आली की सगळ्यांच्या मोटारी सुरू होतात, पाणी खाली जातं. निम्म्या विहिरी त्याच वेळी मोजल्या होत्या; कुठल्या, ते लिहिलंच नव्हतं.

"नोट्समध्ये तर..." समीर बोलता बोलता थांबला. नोट्स माझ्या होत्या. टेप सोडा, आकडा लिहा, एवढंच त्यात होतं. इतकी वर्षं शिकवते, पण मी स्वतः एकाही विहिरीत टेप सोडलेली नाही.

मी घाईघाईनं म्हणाले, "आज काही बोलू नका. मागाहून दुरुस्त करू."

"मॅडम, लोक उद्या पेरतील," प्राजक्ता म्हणाली.

सभेत ती उभी राहिली. "आमचे आकडे चुकलेत." कुणीतरी ओरडलं, "मग आमी इतके दिस पेरनी थांबवून काय केलं?" मी उठले आणि सांगितलं की चूक माझ्या शिकवण्यातली आहे. सभा मंगळवारवर गेली. मागून कौसाबाई म्हणाल्या, "सकाळी लाईट यायच्या आत समद्या हिरी पुन्यांदा मोजा. अन् ह्या बाईंनाबी न्या संगं!"

रविवारी कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर पोटावर पडून मी टेप सोडली. भीतीनं घाम फुटला होता, पण कित्येक वर्षांनी शिकवण्याचा विषय मला पुन्हा आवडला. लाईट दहाला आली. तोवर सोळाच विहिरी झाल्या. उरलेल्या सोमवारी. इंटरव्ह्यूचं प्राजक्ता बोलली नाही, मीही नाही.

रात्री पुण्यात घरी पोचले तर तिच्या आई दारातच उभ्या. "कुठंय ती?"

"नाही आणलं. उद्या तिला चोवीस विहिरी मोजायच्यात."

त्या पायरीवर बसून रडल्या. मी बरोबर केलं का, मला अजूनही ठाऊक नाही.

सोमवारी वर्गात माझी चूक सांगून टाकली. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मग आम्हाला कधी नेताय, मॅडम?"

आणखी एका आईचा फोन येणार, हे कळत होतं. तरी मी तारीख सांगितली.