संडासाच्या दारावरचा श्री

चहा आधी संपवा, मग सांगतो. हसताना सांडेल, आणि हसणार माझ्यावरच आहात.

लालबागला माझं कोरीवकामाचं मशीन आहे. कॉम्प्युटरवर रेघा आखायच्या, फाइल पाठवायची. मशीन त्या रेघांवरून बरोब्बर कोरतं. कोणी शिकवलं नाही, चुकत चुकत आलं. पण वडिलांची सवय अंगात मुरलेली. कोरा कागद दिसला की आधी वर मधोमध 'श्री'. मग कॉम्प्युटरवरचा कागद काय परका आहे? तिथेही आधी श्री, खाली डिझाइन. पाठवण्याआधी तेवढा श्री पुसायचा.

आमच्या गल्लीतला सावंत खानावळ काढत होता. उद्या उद्घाटन आणि संडासाचं दार बाकी. कोरायचं काय, तर खाली हवेला जाळी, बस. त्याचे सारखे फोन.

"काका, दार?"

"निघालंच रे."

या निघालंचच्या नादात श्री पुसायचा राहिला. मशीनला काय, भक्ती आणि रेघ एकच. कोरला, तोही चांगला खोल. सुताराने दार गुंडाळून नेलं, मी पाहिलंही नाही.

उद्घाटनाला गेलो तर सगळी गर्दी संडासाबाहेर. सावंतची आई चपला काढून, हात जोडून उभी.

"हयसर देव कसो इलो?" तिने मलाच विचारलं.

सावंत कानाशी आला. "काका, आचारी सकाळपासून अडलाय. आत जायला तयार नाही. दुपारी पाहुणे आले की त्यांना कुठे पाठवू?"

"घासून काढतो."

"देवाचा नाव घासतलस?" आई.

"मग खाचेत लांबी भरून बुजवतो."

"बुजवतलस?"

"बरं, नवीन दार देतो. हे टाकून..." आईने असं बघितलं की उरलेलं वाक्य मी गिळलं. "म्हणजे, आमच्या देवघराला लावतो. तिथे दार नाहीच."

आई विरघळली. दुपारच्या आत नवं दार बसलं, आचारी सुटला.

जुनं मी घरी लावलं. बायकोला म्हटलं, तुझ्यासाठी खास कोरलंय. सुताराची कडी तशीच ठेवली. चांगली पितळी वस्तू काढून कशाला टाकायची? आतून लावली की बाहेर लाल खूण दिसते, इतकंच.

परवा व्याही आले. बायको आत पूजेला, कडी लावून. मी चहा घेऊन आलो तर हे त्या दाराबाहेर पाय आवळून उभे.

"विहीणबाई निघाल्या की सांगा," म्हणाले. मग दाराकडे बघत, आवाज खाली आणून, "रागावू नका, पण संडासावर श्री कोणी कोरतं का हो?"