‘गेले’ म्हणणारी आपा

फोनवर बोलताना आपाला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. हेडफोन कानावर चढला की ती खुर्ची मागे ढकलायची आणि खिडकीपासून पॅन्ट्रीच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालायला लागायची. बोटात स्कूटरची किल्ली गरगर फिरत असायची. वाटेत ज्याच्या टेबलावर जागा दिसेल तिथे चहाचा कप टेकवायची आणि विसरून जायची. संध्याकाळी तिचे अर्धे प्यालेले कप ऑफिसभर सापडायचे. नवीन आलेल्या कुणी विचारलंच, तर म्हणायची, "बसले का मी आरामात बोलते. आरामात बोललं का समोरच्याला वाटतं सगळं ठीक हाय."

सगळं ठीक नसायचंच. सानपाड्याला स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर आमचं ऑफिस होतं. कंपनीचं एक अ‍ॅप होतं, त्यात लोक आपली क्रिप्टो करन्सी ठेवत आणि काही अडलं की आम्हाला फोन करत. बँकेत पैसे अडकले तर निदान मॅनेजरसमोर जाऊन भांडता येतं. इथे तसं कुणी नाही. नाणी ज्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात, असतात त्याची चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते ज्याच्याकडे, नाणी त्याची. शब्द हरवले तर मालकालाही वॉलेट उघडत नाही आणि आम्हालाही नाही. हे फोन करणाऱ्याला काही केल्या पटत नसे. "तुमची कंपनी आहे ना, मग तुमच्याकडे असणारच," हे आम्ही दिवसभर ऐकायचो.

आपा उरणकडच्या कोकणी मुसलमान घरातली. नवरा मस्कतला एका बांधकाम कंपनीत, सासूबाई तिच्याजवळ नेरूळला. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर असे. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे आपाच, म्हणजे ताईच, म्हणत. माझी नोकरी लागली तेव्हा तिच्या शेजारची खुर्ची मला मिळाली. ती बसतच नसे, म्हणजे तशा दोन्ही खुर्च्या मलाच मिळाल्या.

फोन आला की ती नाव विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारायची. "अडकलेत, हरवलेत, का चोरलेत?" माणूस गडबडायचा. पण त्या एका प्रश्नाने त्याची रडारड थांबायची आणि तो विचार करायला लागायचा. अडकलेले असले तर आपाचा आवाज मोकळा व्हायचा. फी कमी भरल्यामुळे व्यवहार लटकून राहिला, असे फोन सगळ्यात जास्त. ते ती असं समजवायची, "एपीएमसी मार्केटच्या गेटवर ट्रकची रांग बघितलीय ना? तशीच ही रांग. तुमी भाडं कमी दिलंय, म्हणून जास्त देणारे पुढे चाललेत. थोडं वाढवून द्या, नायतर गर्दी सरेपर्यंत थांबा. तुमची गाडी कुठं पळून गेली नाय." एकदा एक चिडलेले गृहस्थ सकाळपासून चौथ्यांदा फोन करत होते. आपा म्हणाली, "काका, जेवलात का? मग आधी जेवून या." ते खरंच जेवायला गेले आणि परत आले तोवर त्यांची गाडी गेटातून आत गेली होती.

हरवलेले आणि चोरलेले, तिथे मात्र खरा प्रश्न असायचा. आम्हाला ट्रेनिंगमध्ये वाक्य पाठ करून दिलं होतं: तुमची तक्रार नोंदवली आहे, आमची टीम यावर काम करत आहे. आपा हे वाक्य कधी बोलली नाही. सगळं नीट विचारून घ्यायची, आपल्या स्क्रीनवर तपासायची, आणि मग खिडकीपाशी थांबून म्हणायची, "गेले." पलीकडून कधी रडं, कधी शिव्या. ती फोन ठेवायची नाही, ऐकत चालत राहायची. पण शब्द मागे घ्यायची नाही.

मला सुरुवातीला हे निष्ठुर वाटायचं. एकदा डबा खाताना मी तसं बोलले. तेव्हा तिने तिच्या वडिलांचं सांगितलं. त्यांना आखातात नोकरी लावून देतो म्हणून एका एजंटाने पैसे घेतले होते. दर वेळी विचारलं की तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात व्हिसा येतोय. वडिलांची बॅग दारामागे भरून ठेवलेली होती. पुढच्या महिन्यात जायचंय म्हणून त्यांनी दुसरं काम धरलं नाही. आपा शाळेतून कॉलेजात गेली तरी बॅग तिथेच होती. "त्यांना एकजणानं जरी सांगितलं असतं ना, का पैसे गेले, व्हिसा नाय येनार," ती म्हणाली, "तर दोन दिवस रडले असते आनि तिसऱ्या दिवशी कामाला लागले असते." डब्याचं झाकण लावून ती उठली. त्यानंतर मी तिला निष्ठुर म्हटलं नाही.

पण तिच्या या स्पष्टपणाला एक दिवस तडा गेला. कामोठ्याला शिकवण्या घेणाऱ्या एका बाईंचे बारा शब्द हरवले होते. आपाने त्यांना नेहमीसारखं ‘गेले’ म्हणून सांगितलं होतं. काही आठवड्यांनी त्यांचा परत फोन आला. मधल्या काळात त्यांना इंटरनेटवर कुणी ‘रिकव्हरीवाले’ भेटले होते. हरवलेली नाणी परत आणून देतो म्हणून त्यांनी आधी फी घेतली, मग टॅक्स म्हणून पैसे घेतले, मग आणखी कशाचे तरी. आता ते फोन उचलत नव्हते. बाई आपाला म्हणाल्या, "तुम्ही गेले म्हणून मोकळ्या झालात. त्यांनी निदान प्रयत्न करतो म्हटलं."

त्या दिवशी आपाच्या येरझाऱ्या थांबेनात. फोन नसतानाही ती चालत होती. संध्याकाळी मला म्हणाली, "मी दार लावते, आनि चोर बाहेर उभाच असतो. मी ढकललेलं माणूस थेट त्याच्या हातात."

तेव्हापासून तिने एक नवीनच काम मागे लावून घेतलं. ज्याला ‘गेले’ म्हटलं, त्याला ती दोन-तीन दिवसांनी स्वतःहून फोन करायची. जेवताय का, झोपताय का, कुणी परत आणून देतो म्हणत फोन केला का, असं विचारायची. हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं. एका फोनवर किती मिनिटं घालवायची याचा कंपनीचा नियम होता, आणि आपाची मिनिटं वाढत चालली. मॅनेजर सज्जन होता. तो दोनदा हसून बोलला, तिसऱ्यांदा हसला नाही.

असाच एक फोन तिने शिंगट्यांना केला. शिंगटे द्रोणागिरीला राहत, तिथल्याच एका गोदामात हिशेबनीस होते. एका खोट्या वेबसाइटवर त्यांनी आपले बारा शब्द भरले होते आणि वॉलेट रिकामं झालं होतं. आपाने त्यांना सांगितलं होतं, चोरलेत, गेले, आजच सायबर पोलिसांकडे तक्रार करा. आता ते तुटकपणे म्हणाले, "माझं काम होतंय. एक ऑफिसर मदत करतायत. आज दुपारी टॅक्स भरला की सगळं रिलीज होणार आहे." आपा काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही. आणखी लावला, तर कट केला.

आपाने कॉम्प्युटरवर त्यांचा पत्ता काढला. मी म्हटलं, "आपा, ग्राहकाच्या घरी जाणं चालणार नाही." ती म्हणाली, "माहीत हाय. तू येतेस का?"

मी गेले. तिच्या स्कूटरवर मागे बसून, पाम बीच रोडने बेलापूर, पुढे उलवे. गव्हाण फाट्याच्या पुढे दोन्ही बाजूंनी कंटेनरचे ट्रेलर, त्यांच्यामधून आपा स्कूटर काढत होती. मी तिच्या खांद्याला घट्ट धरून बसले होते. सिग्नलला थांबली की एक पाय टेकून ती एका हाताने पुन्हा शिंगट्यांना फोन लावायची.

दार शिंगटेवहिनींनी उघडलं. आत जेवणाच्या टेबलाशी शिंगटे लॅपटॉप उघडून बसले होते. मोबाईल स्पीकरवर होता आणि एक फार मऊ आवाज त्यांना हिंदीत पुढे काय दाबायचं ते सांगत होता. आपाने दारातूनच ‘काका’ म्हणून हाक मारली, शिंगट्यांनी आवाज ओळखला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्हाला माझा पत्ता कुणी दिला?"

"मीच काढला. काका, पैसे पाठवू नका. हे लोक चोर हायत."

"तुम्ही म्हणता गेले. हे म्हणतायत मिळतील," शिंगटे म्हणाले. "मी कुणाचं ऐकू, सांगा ना?"

वहिनी मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय गेलं?"

"काही नाही. ऑफिसचं आहे," शिंगटे म्हणाले.

आपाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. ग्राहकाची गोष्ट दुसऱ्या कुणालाही सांगायची नाही, मग ती बायको का असेना, हा आमचा पहिला नियम. आपा वहिनींकडे वळली आणि तिने सगळं सांगितलं. यांनी साठवलेलं चोरीला गेलंय, आणि आता ते परत आणायच्या नावाखाली उरलेलंही जायच्या वाटेवर आहे.

वहिनींनी आरडाओरडा केला नाही. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मघाशी माझ्या मोबाईलवर आलेला नंबर विचारलात, तो एफडी मोडायला होता? वीजबिल म्हणालात." शिंगटे खाली बघत राहिले. तेवढ्यात वहिनींच्या हातातला मोबाईल पुन्हा वाजला, दुसरा नंबर आला होता. टेबलावरचा मऊ आवाज म्हणाला, "सर, ओटीपी आया क्या?"

वहिनींनी मोबाईल मुठीत धरला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. शिंगटे त्यांच्या मागे गेले. आतून दोघांचे आवाज यायला लागले, आधी दबके, मग चढे. "इंजिनिअरिंगची फी आहे ती पोरीची," एवढं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. बाहेर स्पीकर "सर? सर, लाइन पे हो?" करत होता. आपाने हात पुढे करून तो फोन बंद केला.

शिंगटे बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "तुम्ही माझ्या घरात येऊन माझी अब्रू घेतलीत," ते म्हणाले. "मी तक्रार करणार आहे."

"करा, काका," आपा म्हणाली.

परतताना उलव्याच्या अलीकडे तिने स्कूटर कडेला घेतली. ट्रेलर आमच्या बाजूने धडाडत जात होते, त्या आवाजात तिने मला विचारलं, "मी बाईला सांगायला नको होतं का?" मला काय वाटत होतं ते मलाच कळत नव्हतं. मी म्हटलं, "पैसे तर वाचले." ती म्हणाली, "ते नाय विचारलं मी." मग तिने स्कूटर सुरू केली.

शिंगट्यांनी शब्द पाळला. तक्रार सविस्तर होती आणि तिच्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. मॅनेजरने आम्हा दोघींना बोलावलं. मला समज देऊन बाहेर पाठवलं. केबिनच्या काचेतून मला दिसत होतं, मॅनेजर बोलत होता आणि आपा मान डोलावत होती. बाहेर येऊन म्हणाली, "त्याची तक्रार बरोबर हाय. माझ्या घरी येऊन कुनी असं केलं असतं तर मी पन केली असती." राजीनामा द्यायला सांगितला होता, तो तिने लगेच दिला. मी रडले, ती नाही. ती म्हणाली, कामोठ्याच्या बाईंना महिन्यातून एकदा फोन कर, त्या एकट्या असतात.

पुढे सासूबाईंना घेऊन ती मस्कतला नवऱ्याकडे गेली. तिथे एका शाळेच्या ऑफिसात तिला काम मिळालं. कधीमधी फोन करते, आणि बोलताना मागे चपलांचा आवाज येत असतो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या हेल्पलाइनवर एका बाईंचा फोन आला. वॉलेटचं काहीच काम नव्हतं. त्यांना ‘त्या घरी आलेल्या मॅडम’ हव्या होत्या. मी आवाजावरूनच ओळखलं. आपा आता इथे नाही, एवढं मी सांगितलं. शिंगटेवहिनींनी विचारलं, "आमच्यामुळे ना?" ती मस्कतला बरी आहे, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मुलीचं पहिलं वर्ष झालं. घरातले पैशांचे व्यवहार आता आम्ही दोघं मिळून बघतो. तुमचं बोलणं होत असेल तर त्यांना एक सांगाल? हे अजून रागावलेले आहेत. मॅडमचं नाव काढू देत नाहीत. पण मी नाही हो रागावलेली."

त्या शुक्रवारी आपाचा फोन आला तेव्हा मी तिला शब्दशः सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मी विचारलं, "वहिनींना काय कळवू?"

"सांग त्यांना, काकांचा राग घालवायच्या मागे लागू नका," आपा म्हणाली. "माझ्यावर राग हाय तोवर माझं बोलनं त्यांच्या डोक्यात हाय. दुसरा कुनी गोड बोलत आला तर आधी मी आठवेन."

मी तसंच कळवलं. वहिनी पहिल्यांदाच हसल्या आणि म्हणाल्या, "मग राहू दे."