भावाच्या खोलीतली मांजर

माझा धाकटा भाऊ पुण्यातली नोकरी सुटल्यावर नाशिकला परत आला, तेव्हा आम्हाला वाटलं होतं की थोडे दिवस आराम करील आणि दुसरीकडे कुठेतरी लागेल. आईनं आपली खोली त्याला दिली, कारण त्या खोलीला लागून बाथरूम होतं. तिथंच चुकलं, असं आई अजून म्हणते. सगळं आतच मिळाल्यावर माणूस बाहेर कशाला येईल? मला तसं वाटत नाही. हॉलमध्ये गादी घालून दिली असती तरी तो कुठल्यातरी कोपऱ्यात असाच मिटून बसला असता.

आधी तो मित्रांचे फोन घेईनासा झाला. मग दाढी करणं सुटलं, मग जिना उतरणं. मी पिंपळगावला एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात काम करते. आडगाव नाक्यावरून सकाळची बस धरते आणि द्राक्षांच्या सीझनला घरी यायला अंधार पडतो. दिवसभर घरात आई आणि तो. दुपारी मात्र तो बाहेर यायचा. आईजवळ सोफ्यावर बसायचा, तिची मालिका चालू असायची, तिच्याबरोबर मुरमुरे खायचा. बोलायचा नाही. पण यायचा. आई मला संध्याकाळी सांगायची, "आज बसला होता बरं का." तेवढ्यावर आमचा दिवस निघायचा.

मी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, "त्यांना एकदा घेऊन या." घेऊन येता आलं असतं तर मी एकटी कशाला गेले असते? गोळ्या त्याला न बघता देता येणार नव्हत्या. डॉक्टरांचंही बरोबरच होतं.

मांजरीचं सुचवलं ते माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईनं. तिच्या ओळखीची एक काकू देवळाली कॅम्पात टाकून दिलेली मांजरं सांभाळायची आणि चांगलं घर बघून द्यायची. घरी येताना बसमधूनच मी भावाला मेसेज केला, 'घरात मांजर आणू का?' घरात शेजारच्या खोलीत असलो तरी आम्ही असंच बोलायचो. तो माझ्या मेसेजना सहसा उत्तर द्यायचा नाही. त्या दिवशी लगेच आलं, 'चालेल.' ते मी बसमध्ये कितीदा वाचलं, सांगता येत नाही.

रविवारी देवळालीला गेले. काकूचा नवरा फौजेतून निवृत्त झालेला, मूळ गाव सिन्नरकडचं. वरच्या मजल्यावर एक खोली सगळी मांजरांची. काकूनं एक पिवळं पिल्लू माझ्या मांडीवर ठेवलं. ते माझ्या ओढणीशी खेळायला लागलं. "हे न्या. माणसात राहतंय, पोराला लळा लागंल," ती म्हणाली. मी भावाला त्या पिल्लाचा फोटो पाठवला. बाकीच्यांचेही पाठवले. एका फोटोत नुसतं लोखंडी कपाट दिसत होतं आणि त्याच्याखाली दोन डोळे. त्यानं तीच निवडली.

"ती?" काकूला पटेना. "लय भित्री हाय ती. बदली झालेली माणसं क्वार्टरला कुलूप लावून निघून गेली, ही आतच. शेजारच्यांनी आवाज ऐकला म्हणून वाचली. माझ्याकडंसुद्धा येत नाय अजून. रात्रीची खाऊन घेती, बास."

"त्याला तीच हवी आहे," मी म्हटलं. त्याला काहीतरी हवं आहे, याचंच मला इतकं अप्रूप वाटत होतं.

काकूनं दुलई टाकून तिला पकडलं, पिंजऱ्यात घातलं आणि मला बजावलं, "पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवायची. दार बंद. घाई करायची नाय."

घरी आले तर भाऊ खोलीच्या दारात उभा होता. केस मानेवर आलेले, अंगावर जुना टी-शर्ट. आईनं पदर तोंडाला लावला. त्यानं पिंजरा माझ्या हातून घेतला, आत नेऊन जमिनीवर ठेवला आणि जाळी उघडली. करडी मांजर पोट जमिनीला घासत पलंगाखाली गेली. मी आत पाऊल टाकणार, तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, दार लाव. पळेल ती."

कित्येक दिवसांनी मी त्याचा आवाज ऐकत होते. मी आनंदानं दार लावून घेतलं.

सुरुवातीचे दिवस खरंच चांगले गेले. आत तो तिच्याशी बोलायचा. हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं. आई दाराला कान लावून उभी राहायची आणि मला खुणेनं बोलवायची. शब्द कळायचे नाहीत. तिचं नावही ठेवलं होतं त्यानं, पण ते आम्हाला नीट ऐकू आलं नाही आणि विचारलं तर त्यानं सांगितलं नाही. मग एक दिवस फोटो पाठवला, मांजर त्याच्या मांडीवर झोपलेली. मी तो फोटो मोठा करून पाहिला. मांजरीच्या पाठीवर त्याचा हात होता, मनगट इतकं बारीक झालेलं की मला आधी ते ओळखूच आलं नाही.

काकूला फोन केला तर ती हरखली. "मांडीवर? आमची? अवो, मग जमलं की!"

"जमलं," मी म्हटलं.

पण तोवर तो दुपारी बाहेर यायचा बंद झाला होता. आईनं मुरमुरे कालवून हाक मारली की आतून आवाज यायचा, "दार उघडलं तर ती बाहेर जाईल." ताट दारात ठेवायचं, तो हातभर दार उघडून आत ओढून घ्यायचा. सकाळी मांजरीनं घाण केलेल्या मातीची पिशवी गाठ मारून उंबऱ्यावर ठेवलेली असायची. मी ती खाली टाकून बसला पळायची. पूर्वी दार नुसतं लोटलेलं असायचं, आता आतून कडी असे. आई एकदा चिडून म्हणाली, "तू आणलीस ती मांजर. दुपारचा तेवढा बसायचा माझ्याजवळ."

पाडव्याच्या सुमारास मांजरीनं खाणं सोडलं. त्याचा मेसेज आला, 'ती काही खात नाही. लघवीला नुसती बसते. प्लीज.' मी सुट्टी टाकली. खरं सांगते, मला वाईट वाटण्याआधी आशा वाटली. मला वाटलं, हिच्यासाठी तरी तो बाहेर पडेल. मी दाराबाहेरून म्हटलं, "ती माझ्या हातात राहायची नाही. तुलाच यावं लागेल. मी रिक्षा बोलावते."

बराच वेळ गेला. मग दार उघडलं. पिंजरा छातीशी धरून तो हॉलमध्ये आला. पँट कमरेवर टिकत नव्हती, नाडीनं बांधली होती. आईनं धावत जाऊन त्याच्या चपला आणल्या, पदरानं पुसल्या आणि त्याच्या पायांपुढे ठेवल्या. त्यानं त्या घातल्या. मी पुढे होऊन बाहेरचं दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. तो उंबऱ्यापर्यंत आला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"फक्त दोन मजले आहेत," मी म्हटलं. "खाली रिक्षा उभी आहे. मी आहे ना."

वरच्या मजल्यावर कोणाचं तरी दार वाजलं, कोणीतरी हसत जिना उतरायला लागलं. त्यानं पिंजरा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. "ताई, तू ने," म्हणाला आणि वळला. आईनं त्याचा दंड धरला. "अरे, मुकं जनावर आहे रे, तिला तुझ्याशिवाय कोण आहे?" त्यानं अलगद तिचा हात सोडवला. मग आतली कडी लागल्याचा आवाज आला.

रिक्षात मांजर सारखी ओरडत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बाहेर काढलं तेव्हा तिनं माझ्या हाताला कडकडून चावा घेतला. लघवी अडली होती, उशीर झाला असता तर गेली असती, असं ते म्हणाले. त्यांनी सुई दिली, नळी घातली, औषधं सांगितली. माझ्या हाताला पट्टी करता करता त्यांनी विचारलं, "तुमची सवय नाही वाटतं तिला?"

"माझ्या भावाची आहे."

"मग ते नाही आले?"

"तो बाहेरगावी असतो," मी म्हटलं.

संध्याकाळी पिंजरा त्याच्या दाराशी ठेवून मी बाजूला झाले. दार जेमतेम उघडलं. "आलीस का गं," असं काहीतरी तो तिला म्हणाला, इतक्या मायेनं की मी तिथंच भिंतीला टेकले. पिंजरा आत गेला. माझ्या हाताची पट्टी त्यानं पाहिली की नाही, मला माहीत नाही.

मांजर बरी झाली. पुढे काकू तिला बघायला म्हणून मुद्दाम आमच्याकडे आली, डब्यात उकडलेले मासे घेऊन. भाऊ खोलीबाहेर येत नाही, हे मी तिला आधी सांगितलं नव्हतं. ती बंद दारापुढे उकिडवी बसली, जीभ टाळ्याला लावून तिनं मांजरीला बोलावलं. मग भावाला म्हणाली, "दादा, उघडा की. मी तिची आधीची काकू." आतून काही हललं नाही. काकूनं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मासे दारापाशी ठेवले. चहा घेऊन ती उठली.

निघताना जिन्यात थांबून ती हळूच म्हणाली, "जड होत असंल तर परत नेते मी तिला. पण आता तिला तिथनं काढायची कशी?"

ती गेल्यावर मी आत आले तर डबा उचलला गेला होता.

आई हल्ली त्याला हाक मारत नाही. गेल्या आठवड्यात आम्ही दोघी जेवत होतो. घास हातात धरून ती म्हणाली, "माझं जाऊ दे. पण तुझ्यामागं त्या दोघांना दाराशी ताट आणून कोण देणार?"

"जेव," मी म्हटलं. "गार होतंय."