दमलेला स्क्रू

माझ्या मुलीच्या पायाचं हाड मोडलं तेव्हा ती स्केट्सवर होती, वेग बेताचा होता आणि आसपास एकही गाडी चालू नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नातेवाइकांत या अपघाताच्या तीन-चार आवृत्त्या फिरताहेत आणि सगळ्या माझ्याच आहेत. साताऱ्याच्या मावशीकडच्या आवृत्तीत एक पांढरी जीप येते. कराडच्या आक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, ती जीप करकचून ब्रेक दाबते. खरं एवढंच, की इथे बहरीनला, गुदैबियात आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये पोरगी वळली, चाक फरशीच्या फटीत अडकलं आणि ती पडली. अकरा वर्षांची. पडली ती उठलीच नाही.

नडगी मोडली होती. ऑपरेशन झालं, हाडाला धातूची पट्टी आणि सात स्क्रू बसले. सर्जननी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. मी मेकॅनिकल इंजिनियर, अस्करकडे एका कारखान्यात मेन्टेनन्स बघतो. त्यामुळे चित्र बघून मी पहिला प्रश्न विचारला तो स्क्रूच्या आट्यांबद्दल. बायकोनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला आणि पोरगी कधी चालेल ते विचारलं.

सहा आठवडे तो पाय जमिनीला लावायचा नव्हता. त्या सहा आठवड्यांत लोकांनी आमच्यासाठी जे केलं ते मी विसरणार नाही. शिफ्टवरच्या सहकाऱ्यानं न विचारता माझ्या सकाळच्या पाळ्या स्वतःकडे घेतल्या. ‘धन्यवाद’ म्हणालो तर म्हणाला, “अरे, मला तसंही लवकर जाग येते.” नंतर कळलं, तो गजर लावून उठायचा, तेही तीन-तीन. बायकोनं सीफ भागातल्या तिच्या ऑफिसातून रोज अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली. आणि मी? मी फोन केले. आमच्या घरात बातमी पोचवण्याचं खातं पिढीजात माझ्याकडे आहे.

सहा आठवड्यांनी एक्स-रे निघाला. हाड छान जुळलं होतं. सर्जन म्हणाले, आता पाय टेकायचा, वजन द्यायचं, फिजिओथेरपी सुरू. आम्ही त्याच संध्याकाळी घरी शिरा केला.

पण पोरगी टाच टेकेना.

वॉकर धरून उभी राहायची, चांगला पाय रोवायची आणि दुसऱ्या पायाचा फक्त अंगठा जमिनीला लावायची, बगळ्यासारखा. झोपून करायचे सगळे व्यायाम मात्र बिनतक्रार. घोटा वर, घोटा खाली, गुडघा ताण, दहा मोज, सोड. उभं केलं की टाच वर. पहिला आठवडा आम्ही म्हटलं, दुखत असेल. दुसऱ्या आठवड्यात तिची फिजिओथेरपिस्ट गंभीर झाली.

ही बाई बहरीनचीच. पन्नाशीची, डोक्याला काळा रुमाल, हात सुताराचे असावेत तसे. भारतीय पेशंट हाताळून हाताळून तिला हिंदी येत होतं, आणि त्या हिंदीत तिला फक्त आज्ञार्थ ठाऊक होता. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “बाबा, ध्यान से सुनो. एड़ी ऊपर रहेगा, तो पीछे का नस छोटा हो जाएगा. फिर बच्ची चाहेगी तो भी एड़ी नीचे नहीं आएगा. फिर डॉक्टर फिर काटेगा.”

पुढची तपासणी दहा दिवसांवर होती.

मग मी मदतीला उतरलो. कारखान्यात धोक्याच्या जागी लावतात तसली पिवळी-काळी टेप आणून मी हॉलमध्ये पावलांच्या खुणा केल्या. स्वतः चालून दाखवलं. टाच, चवडा, टाच, चवडा. तिसऱ्या फेरीला माझ्याच पोटरीत गोळा आला आणि मी सोफ्यावर आडवा झालो. पोरीनं वॉकर माझ्याकडे सरकवला. फिजिओथेरपीच्या खोलीत मी “शाब्बास, टाक, टाक!” असं ओरडायचो. ते दोनदा झाल्यावर बाई म्हणाली, “बाबा, आप बाहर बैठो.” तिसऱ्यांदा तिनं फक्त दाराकडे बोट केलं.

त्या दिवशी बायको मला म्हणाली, “अहो, आत या. ती बोलवतेय.”

आत गेलो. पोरगी पलंगाच्या कडेला बसली होती, डोळे लाल. बाई स्टुलावर, तिच्या समोर. बाईनं तिला एक साधा प्रश्न विचारला होता, जो आम्ही दोघांनी दोन आठवड्यांत विचारला नव्हता. टाच टेकली तर काय होईल असं तुला वाटतं?

“बोलो, बाबा को भी बोलो,” बाई म्हणाली.

पोरगी माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणाली, “स्क्रू बाहेर येईल. स्किन फाडून. मेटल गेट्स टायर्ड.”

“असं कोणी सांगितलं तुला?” मी जवळजवळ ओरडलोच. “कुठल्या गाढवानं?”

“तू. आत्याला. फोनवर.”

बायकोनं हळूहळू माझ्याकडे मान वळवली. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे अनेक प्रकारांनी पाहिलंय, हा प्रकार नवा होता.

मला आठवलं. शुक्रवारची सकाळ, सुट्टी, आक्काला फोन. पोरगी शेजारीच सोफ्यावर, कानाला हेडफोन, हातात टॅब्लेट. आम्ही मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते, म्हणून मी कधीतरी ठरवून टाकलं होतं की मराठी तिच्या अंगावरून वाहून जातं. आक्काला मी रंगात येऊन सांगत होतो, “सात स्क्रू आहेत, आक्का, सात. आणि मी हेच काम करतो म्हणून सांगतो, धातू दमतो. माणसासारखा दमतो. मी एक बोल्ट बघितलाय, असा सुटला की समोरचा पत्रा फाडून गेला. पोरीनं पाय जरा जोरात टेकला ना...” पलीकडून आक्का “अगं आई गं!” म्हणाली होती. माझ्या लेखी ती टाळी. टाळी मिळाली की मी थांबत नाही.

असला बोल्ट मी जन्मात बघितलेला नाही.

बाईनं बायकोकडून सगळं समजून घेतलं आणि मला विचारलं, “बाबा, आप काम क्या करता?”

“इंजिनियर. मेन्टेनन्स.”

“अच्छा,” ती म्हणाली, नाडी सापडल्यासारखी. तिनं एक्स-रे भिंतीवरच्या दिव्यावर लावून पोरीला जुळलेलं हाड दाखवलं, एकेक स्क्रू दाखवला. पोरीनं नीट बघितलं आणि इंग्रजीत नम्रपणे म्हणाली, “पण तो इंजिनियर आहे.” बाईनं एक्स-रे काढून घेतला. “ये डर मैंने नहीं डाला, मैं नहीं निकालेगी. बाबा ने डाला है, बाबा निकालेगा. यल्ला, खलास, आज का हो गया.”

गाडीत मी मागे वळून म्हणालो, “बेटा, ती गंमत होती. तसं काही होत नाही.”

“म्हणजे तू आत्याशी खोटं बोललास?” तिनं इंग्रजीतच विचारलं.

“खोटं नाही गं. जरा... वाढवून.”

“मग आत्ता वाढवत नाहीयेस कशावरून?”

“घ्या,” बायको म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घरी येऊन मी आक्काला फोन लावला, स्पीकरवर, पोरगी समोर. चपला घालून पंगतीत शिरल्यासारखं वाटत होतं. म्हणालो, “आक्का, जीप नव्हती.”

“कुठली जीप?”

“पांढरी. कुठलीच गाडी नव्हती. ती फरशीच्या फटीत अडकून पडली. आणि स्क्रू दमत नाहीत, म्हणजे एवढ्यात तरी नाही. तो बोल्टही नव्हता. हाड छान जुळलंय आणि डॉक्टर म्हणतात पाय टेकायचा. बास. एवढंच आहे.”

आक्का म्हणाली, “अरं, एवढंसं सांगायला एवढा दमलास? मला काय ते ठाऊक नव्हतं व्हय? चौथीत पास झालास तेव्हा घरी येऊन काय सांगितलंस, कलेक्टर हार घालायला आलेत म्हणून! आई ओवाळायला ताट घेऊन दारात उभी!”

पोरगी पुढे सरकली. “आत्या, कलेक्टर खरंच आला होता?”

आख्खं वाक्य मराठीत. बायकोनं माझा दंड घट्ट धरला, म्हणजे मी काही बोलून विचका करू नये.

“कुठला आलाय, बाळा! तुझ्या बाबाचं बोलणं चहासारखं गाळून घ्यायचं असतंय. चोथा टाकून द्यायचा.”

“चोथा किती असतो?”

“लई असतोय,” आक्का म्हणाली. “पण पोरी, चहा बरा असतोय हं त्याचा.”

यानंतर पोरगी ताडकन उठून चालली, असं मी दुसऱ्या कुठल्या आवृत्तीत सांगितलं असतं. तसं झालं नाही. पुढच्या वेळीही टाच वरच होती. फक्त एक बदल झाला होता, तिनं बाईला सांगून मला आत बोलावलं.

बाईनं घरात वापरतात तसला काट्याचा वजनकाटा तिच्या त्या पायाखाली ठेवला. चांगला पाय शेजारी, तेवढ्याच उंचीच्या फळीवर. दोन्ही हात दांड्यांवर. “जितना मर्ज़ी, उतना दबाओ. सुई देखो. शुवैया, शुवैया, धीरे धीरे.” अंगठ्याखाली काटा दोन किलोवर थरथरत होता.

पोरीनं काट्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. “बाबा, ही प्लेट किती वजन घेऊ शकते? खरं सांग.”

माझ्या तोंडात आकडा तयार होता. चाळीस किलो म्हणू का ऐंशी, की सरळ हत्ती उभा करू? बायको माझ्याकडे बघत होती. बाईही. माझ्या धंद्यात आणि माझ्या स्वभावात एक वाक्य बसत नाही, ते मी त्या खोलीत बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “माझं काम मशीनचं आहे. हाडातलं मला काही कळत नाही. यांना कळतं. आणि या म्हणतात टेक.”

तिनं माझा चेहरा बराच वेळ बघितला. गाळत होती बहुधा. मग मान खाली घालून ती हळूच टेकत गेली. चवडा पसरला, काटा पाचवर आला. ओठ आवळले. सात. टाच अजून बोटभर वर होती, मग नखभर. नऊ. मी ओरडू नये म्हणून स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता. अकरावर काटा आला तेव्हा तिची अख्खी टाच त्या वजनकाट्याच्या रबरावर चपटी झाली होती, कडेनं जराशी पांढरी पडलेली.

“दुखतंय?” बायकोनं विचारलं.

“थोडं,” ती म्हणाली. “पण बाहेर काही नाही आलं.”

बाईनं मनगटानं आपला डोळा पुसला आणि लगेच आवाज चढवला, “क्या देखता है सब लोग? दस गिनो!”

आम्ही तिघांनी मोजायला सुरुवात केली. मी मराठीत, बायको मराठीत, बाई अरबीत. पोरगी दोन्ही पायांवर उभी राहून आमचं ऐकत होती.