थोरल्या कार्डाला आवतन

जालन्यात आसिफभाईच्या लॅपटॉप रिपेअरिंगच्या दुकानात रविवारी जरा वेळ बसून बघा. चार-पाच लॅपटॉप उघडे पडलेले दिसतील, त्यातला एखादा दुरुस्त होईल, पण किस्से मात्र पोत्यानं जमा होतील! मी संतोष. बियाण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो आणि सुट्टीच्या दिवशी आसिफभाईकडं बसून लोकांच्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स ही फुकटातली सिस्टीम टाकून देतो. बायको म्हणते, "एवढा वेळ घरच्या पंख्याला दिला असता तर तो तरी फिरला असता." तिचंही बराबर आहे.

यंदाचे बहुतेक किस्से एकाच लॅपटॉपपायी झाले. वैशालीवहिनींच्या.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको, परतूरला राहतात. टायपिंगच्या दुकानातली नोकरी सोडली आणि घरी बसून व्हिडिओ बघून बघून थ्रीडी ॲनिमेशन शिकल्या. पेरणी यंत्रं बनवणारा एक कारखाना आहे, त्याच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्या अण्णांनी वहिनींना सांगितलं, "आमच्या नव्या यंत्राची फिल्म बनवा, डीलर लोकांच्या मीटिंगला दाखवू. त्यांना पसंत पडली तर वर्षभराचं काम तुमचं. न्हाई पडली तर पुण्याची पोरं हायेतच." वहिनींनी छातीठोकपणे हो म्हटलं. वर घरी सासूबाईंनाही सांगून टाकलं की काम मिळालंच म्हणून!

लॅपटॉप सेकंडहँड. विंडोज त्यावर रडत-खडत चालायचं, म्हणून आम्ही लिनक्स टाकलं आणि तिथून पुढं आमची मजा सुरू झाली. पडद्यावर चित्र उमटवणारी ग्राफिक्स कार्डं या लॅपटॉपात दोन! एक धाकलं, बॅटरी वाचवणारं, रोजच्या किरकोळ कामाचं. दुसरं थोरलं, ताकदीचं, थ्रीडीसारख्या जड कामासाठी. हलकं काम असलं की थोरल्यानं झोपायचं, जड आलं की उठायचं. लिनक्सात ते उठेचना.

"संतोषभाऊ, थोरलं हाय म्हणता, मंग उठत का न्हाई?" वहिनींनी विचारलं.

आसिफभाई स्क्रू काढता काढता म्हणाला, "बडे लोग हैं वहिनी, जल्दी उठत न्हाईत!"

*

थोरल्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, टाकला की लॅपटॉप रिस्टार्ट करावा लागतो. तेव्हा एक निळा स्क्रीन येतो आणि विचारतो, हा नवा पाहुणा तुमच्या ओळखीचा आहे का? असेल तर पासवर्ड टाका. टाकला की झालं. मी दुकानात सगळी तयारी करून दिली. वहिनींना गाडीची घाई, म्हणून म्हणालो, "आता फक्त घरी जाऊन रिस्टार्ट मारा."

संध्याकाळी परतूरहून फोन. "न्हाई झालं, भाऊ."

पुढच्या रविवारी परत तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. वहिनी बिचाऱ्या रेल्वेनं येऊन राह्यल्या, जाऊन राह्यल्या, आणि थोरलं ढिम्म! माझं डोकं सटकलं. म्हटलं, आता माझ्यासमोर करा.

वहिनींनी रिस्टार्ट मारला. निळा स्क्रीन आला. आणि वहिनींनी बटण दाबून धरून लॅपटॉप सपशेल बंद केला!

"अहो, हे काय करून राह्यलात?"

वहिनींनी भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं आसिफभाईनं विंडोज बिघडून निळा स्क्रीन येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी स्वतःच्या हातानं लिहिलेली पाटी होती: 'निळा स्क्रीन दिसताच लॅपटॉप त्वरित बंद करावा.'

आसिफभाई उठला, पाटी काढली, पुसली, आणि म्हणाला, "वहिनी, इतक्या वर्षांत ही पाटी वाचणाऱ्या तुम्ही पहिल्या!"

*

ड्रायव्हर बसला, पण थोरलं चालतंय की नाही याचा पत्ता लागेना. केदारखेड्याचा गजानन लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच्याकडंही अगदी तसाच लॅपटॉप, आणि त्यावरही लिनक्स आम्हीच टाकलेलं. म्हटलं, वहिनींच्या कामाचा खेळखंडोबा नको, आधी गजाननकडं प्रयोग करू. फोनवरून एक सेटिंग बदलायला लावलं.

"भाऊ, थोरलं चालू झालं हे वळखायचं कसं?"

"खालून हात लावून बघ. तापलं तर चालू."

थोड्या वेळानं गजानन ओरडला, "भाऊ! लई तापून राह्यलंय! हात ठिवू द्यायना!"

मी टाळी वाजवली. सगळ्या दुकानाला चहा सांगितला. बाजूच्या झेरॉक्सवाल्यालाही सांगितला. आसिफभाईनं शांतपणे फोन हातात घेतला.

"गजानन, लॅपटॉप कशावर ठेवलाय?"

"गोधडीवर. थंडी हाय ना."

"मग कार्ड न्हाई भाई, तुझी गोधडी चालू झाली!"

चहा आलाच होता. तो पिऊन टाकला.

*

मीटिंग जवळ आली तशी आम्ही एका क्लासवाल्याचा प्रोजेक्टर मागून आणला. वायर जोडली. पडदा काळाकुट्ट. मी वायर बदलली, प्रोजेक्टर बदलून आणला, क्लासवाल्याचा उद्धार केला. काही उपयोग नाही.

वहिनी एवढ्या दिवसांत कधी हरल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र खुर्चीत बसून राहिल्या. "भाऊ, पडद्यावर दिसलंच न्हाई तर अण्णांना काय दाखवू? मी नोकरी सोडून बसले ना."

तेवढ्यात आसिफभाईनं लॅपटॉप उलटा करून उघडला, चष्मा कपाळावर चढवला आणि आत डोकावून डोकावून बघितलं. "अरे संतोष, प्रोजेक्टरची वायर लागते ते पोर्ट थोरल्यालाच जोडलंय. थोरलं झोपलं की ही खिडकी बंद!"

मी सेटिंग उघडून बघतो तर काय, 'बॅटरी वाचवा' चालू! परतूरला लाईट जाते म्हणून वहिनींनी ते करून ठेवलेलं, आणि त्यात थोरलं पार बंदच होतं. मी 'दोन्ही कार्डं' निवडलं, लॅपटॉप परत चालू केला, आणि पडदा असा लख्ख उजळला की झेरॉक्सवाला पळत आला.

पडद्यावर यंत्र दिसलं. पण चाललं कसं? चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखं. एक धक्का, मग थांबा. मग दुसरा धक्का.

*

थोरलं जागं होतं, कार्डांच्या यादीत नाव दिसत होतं, आणि सगळं काम धाकलंच ओढत होतं. मी कीबोर्डवर हात आपटले. "च्यायला, घरात बसून आहे आणि हात लावायला तयार न्हाई!"

वहिनी म्हणाल्या, "त्याला बोलावलं का कोणी?"

"बोलवायचं काय त्यात? घरातलंच आहे."

"घरातलंच हाय म्हणून तर रुसतंय. आमच्या भावकीत थोरल्या काकांना नुसती पत्रिका पाठवली तर येत न्हाईत लग्नाला. घरी जाऊन, नाव घेऊन, आवतन द्यावं लागतं. 'काका, तुम्ही आलंच पाहिजे.' मंग कसे सगळ्यांच्या आधी येऊन बसतात!"

आसिफभाई हसत सुटला. मीही हसलो, आणि हसता हसता लॅपटॉप पुढं ओढला. कारण तशी एक कमांड खरंच असते. प्रोग्रामच्या नावाआधी ती लिहायची: हे काम थोरल्या कार्डावरच चालव. मी ती वाचलेली होती आणि सोडून दिली होती, म्हटलं आपोआप होईल.

लिहिली. एंटर मारला.

पंखा घूं करून फिरला. पडद्यावरचं यंत्र लोण्यासारखं फिरायला लागलं. आणि रंग! धाकल्याला रंग आणि उजेड झेपायचे नाहीत, म्हणून वहिनींनी सगळं काम राखाडी चित्रावरच केलं होतं. आता लोखंड चमकत होतं, चाकाची सावली मातीवर पडत होती.

"इतके महिने मी हे राखाडीच बघून राह्यले होते, भाऊ," वहिनी म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. आसिफभाईनं जोरात नाक शिंकरलं. मी म्हणालो, "जिंकलो आपण!" आणि या वेळी खात्री करूनच चहा सांगितला.

*

मीटिंग शहागडजवळ, हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात. हॉल डीलर लोकांनी भरलेला, अण्णा पहिल्या रांगेत. मी वायरजवळ उभा. वहिनींनी आवतन दिलं, थोरलं उठलं, पडद्यावर यंत्र आलं.

पिवळंधमक!

अण्णा ताडकन उभे राहिले. "हे काय? आपलं यंत्र लाल असतंय! माझ्या वडलांपासून लाल हाय!"

मला वाटलं, गेलं काम पुण्याला.

वहिनी म्हणाल्या, "माहीत आहे, अण्णा. लालच ठरवलं होतं. पण रंग दिसायला लागले तसं पिवळं करून बघितलं, मंग परत लाल करायचं मन झालं न्हाई. हे बघा, तुमचं लाल." एक बटण दाबलं. फिरतं यंत्र तिथल्या तिथं लाल झालं, जराही न अडखळता.

मागून एक डीलर ओरडला, "ओ अण्णा, पिवळंच ऱ्हाऊ द्या! लाल तर सगळ्यांचंच हाय. हे काळ्या रानात बांधावरून दिसंल! माझी गाडीभर लिहा, पण पिवळी!"

"माझी बी!"

"आमच्याकडं बी पिवळीच पाठवा!"

अण्णा एकदा पडद्याकडं बघायचे, एकदा डीलर लोकांकडं. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि तिथंच, स्पीकरवर, कारखान्यातल्या पेंटरला फोन लावला.

"ऐक. नवी यंत्रं सगळी पिवळी करायची."

पलीकडून पेंटरनं विचारलं, "मालक, यंत्राला हळद लावायची का?"

हॉल खदाखदा हसला. अण्णाही हसले. पेंटर मात्र कामाचा माणूस. "पण पिवळा कोणता, मालक? लिंबासारखा का झेंडूसारखा?"

अण्णांनी डीलर लोकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मोबाईल वहिनींच्या हातात दिला. "म्याडम, तुम्हीच सांगा त्याला."

वहिनींनी मोबाईल कानाला लावला.

"दादा, उद्या सकाळी मी कारखान्यात येते. तवर लालचे ब्रश धुऊन ठेवा."